निकालाच्या वरच्या चार ओळी

माझ्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायला आलेली बाई वकिलीच्या कॉलेजात शिकवायची. मूळची खेडची. दोन ट्रंका भरून पुस्तकं घेऊन आली, तेव्हाच मला संशय आला. आमचा पाखाडीचा दावा त्याच वर्षी कोर्टात लागला होता. समोरच्याने हिला आमच्या घरात कान लावायला पाठवली असेल, असं मी पहिले पंधरा दिवस धरून चालले होते. तिला चहा द्यायचे, पण दाव्याचे कागद तांदळाच्या पिंपात ठेवायचे.

आमच्या घरापासून खाली रस्त्यावर उतरणारी जांभ्याची पायऱ्यांची वाट, ती पाखाडी. ती शेजाऱ्याच्या आवारातून, त्याच्या खळ्याला, म्हणजे पुढच्या अंगणाला, लागून जाते. मी लग्न होऊन आले ती तिथूनच. शेजारी कचेरीतून निवृत्त झाला, मुंबईच्या मुलाने त्याला आवाराभोवती नवा दगडी गडगा घालून दिला, आणि वाटेवर लोखंडी फाटक बसलं. मग फाटकाला कुलूप आलं. मी विचारायला गेले तर म्हणाला, "वहिनी, सड्यावरून वाट आहे की."

आहे. वरच्या उघड्या कातळावरची, बकऱ्यांना पुरते. माझ्या नवऱ्याची डावी बाजू अर्धांगाने गेली होती. दर पंधरवड्याला त्याला खुर्चीत बसवून चार माणसं रिक्षापर्यंत उतरवायची. सड्यावरून खुर्ची न्यायला कोणी तयार होईना. कुलूप लागल्यापासून डॉक्टरची दोन वेळची फेरी चुकली होती आणि त्याचा पाय सुजायला लागला होता. मला बाकी काही नको होतं. खुर्ची जाईल एवढी वाट हवी होती.

वकील केला. निकाल लागेपर्यंत कुलूप काढावं असा अर्ज त्याने घातला. अर्जात काय लिहायचं हे विचारलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की चाळीस वर्षांत एकदाही मी न सांगता त्यांच्या खळ्यातून गेले नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या दारावरून जाताना हाक मारायची रीत आहे. "जाते हो" म्हणायचं आणि चालायला लागायचं. आतून कोणी "हो" म्हणतं, कोणी म्हणत नाही. मुकाट्याने जाणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर माजलेला. मी त्यातली नव्हे, हे कोर्टातल्या साहेबाला कळावं म्हणून मी ते मुद्दाम लिहायला लावलं. वकिलाने लिहिलंही.

समोरच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. बाई स्वतःच सांगते की ती रोज विचारून जायची. विचारून जाणाऱ्याला परवानगी असते, हक्क नसतो. वर त्याने वरच्या कोर्टाच्या एका निकालाचा दाखला दिला. माझा वकील तो कागद घेऊन मला बाजूला नेऊन म्हणाला, "आता समजुतीने घ्या. हे सायटेशन आपल्या विरुद्ध जातं." त्याआधी अर्धा तास तो आणि समोरचा वकील एकाच टेबलावर मिसळपाव खात होते. मी ते पाहिलं होतं.

घरी येऊन मी पिंपातले कागद काढले. बाई रविवारी आमच्या पडवीत चार-पाच विद्यार्थ्यांना शिकवायची. मी तांदूळ निवडत ऐकायचे. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, की निकालाच्या डोक्यावर ज्या चार ओळी असतात त्या न्यायाधीशाने लिहिलेल्या नसतात. त्या पुस्तक छापणाऱ्यांच्या माणसाने काढलेल्या असतात. त्यावर विसंबायचं नाही. साल, खंड आणि पान बघायचं, पुस्तक उघडायचं, आणि तो निकाल पुढे कोणी फिरवला का तेही बघायचं. कॉम्प्युटरवर सापडलं तरी छापील पानाशी ताडून घ्यायचं. हे मला पटत होतं. बाजारात सुरमई घेतानाही मी वरच्या दोन बघून पाटी उचलत नाही.

त्या रविवारी विद्यार्थी गेल्यावर मी तिच्यापुढे तो दाखल्याचा कागद ठेवला. तिने वाचला आणि म्हणाली, "काकू, ह्यांनी फक्त वरचंच दिलंय. निकाल कुठाय?"

"तो तुम्ही वकील लोकांनी खाल्ला," मी म्हटलं.

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मला कॉलेजच्या ग्रंथालयात घेऊन गेली. मी चौथी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. साल मी जुळवलं, खंड मी कपाटातून ओढला, पानही मीच काढलं. पान होतं. मला वाटलं होतं की नसेल.

तिने अकरा पानं वाचून मला मराठीत सांगितली. त्या दाव्यातला माणूस दरवर्षी शेताच्या मालकाला पत्र लिहून वाट मागायचा. एके वर्षी मालकाने नाही म्हटलं, तर तो मुकाट्याने मागे फिरला होता. म्हणून त्याला हक्क मिळाला नाही. नुसतं सांगून जाणं आणि परवानगी मागणं एकच का, हे दर वेळी सगळी वागणूक बघून ठरवावं, असं आत लिहिलं होतं. वरच्या चार ओळींत त्यातलं काही नव्हतं.

मी खूष व्हायला हवं होतं. पण ती आपल्या घरमालकिणीला बरं वाटावं म्हणून सांगत नसेल कशावरून? तिच्या विद्यार्थ्यांत जिल्हा परिषदेत कारकुनी करणारी एक बाई होती. पुढच्या रविवारी ती लवकर आली, तेव्हा मी तिला त्या निकालाची झेरॉक्स देऊन आत काय आहे ते विचारलं. तिने तेच सांगितलं, अडखळत. एवढ्यात आमची बाई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता खोली सोडून जाते. ती विद्यार्थिनीला म्हणाली, "बघ. काकूंनी मला ताडून पाहिलं. तुम्ही कधी पाहिलंत?"

चार दिवसांनी तिने आणखी एक निकाल आणून माझ्यापुढे ठेवला. नंतरच्या सालचा.

"हा तुमच्या विरुद्ध आहे, काकू. शेजारी एकमेकांशी चांगले असतील तर वाट आपुलकीने दिली असं धरता येतं, असं म्हटलंय. हाही वकिलांना द्या."

आमच्या घरात राहून आमच्याच विरुद्ध कागद शोधणारी बाई. पहिल्या पंधरा दिवसांतला संशय पुन्हा वर आला. आतून नवरा वाकड्या तोंडाने बोलला, "हिलाच वकील कर. तुझा तर कागद शोधीतच नाही."

बाई म्हणाली, समोरच्याने हा शोधला तर तुमचा वकील कोर्टात गप्प बसेल. आपणच आधी दाखवला तर त्याचं उत्तर तयार ठेवता येईल. उत्तर काय, मी विचारलं. तर तिने मलाच विचारलं, पाखाडीची डागडुजी कोण करतं? मी करते. दरवर्षी गणपतीच्या आधी गवत काढते, निसटलेला जांभा बसवते. शेजाऱ्याला विचारून? नाही, त्याला कशाला विचारू? बरं, त्यांच्या घराला कुलूप असायचं तेव्हा तुम्ही काय करायचात?

ह्यावर मी हसले.

दोन्ही निकाल मी वकिलापुढे टाकले. त्याला राग आला. "हे कुठून आणलंत?" म्हणाला. मी म्हटलं, पुस्तकातून, पान लिहिलंय. तो बराच वेळ वाचत बसला. मग त्याने नवीन कागद ओढला आणि मला डागडुजीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

तारखेला साहेबांनी दोन्ही निकाल ऐकून घेतले. शेजारी मागे उभा होता. साहेबांनी त्यालाच विचारलं, "तुम्ही घरी नसताना ह्या थांबायच्या का?"

त्याच्या वकिलाने तोंड उघडलं, पण शेजारी जन्मभर कचेरीत खरं उत्तर द्यायची सवय लागलेला माणूस.

"थांबतील कशाला?" तो म्हणाला. "जायच्या. वाटच आहे ती."

कुलूप काढायचा हुकूम त्याच आठवड्यात मिळाला. तो मी बाईकडून वाचून घेतला, मग कारकून बाईकडून, मग पोस्टातल्या माणसाकडून. तिघांचं जुळलं तेव्हा खुर्ची उचलणाऱ्यांना निरोप दिला. शेजाऱ्याने फाटक स्वतः उघडलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. नवऱ्याने त्याला उजव्या हाताने नमस्कार केला. मी केला नाही.

पक्का निकाल लागायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आमच्या बाजूने लागला, तेव्हा नवरा नव्हता. त्याला त्याच पाखाडीने खाली नेला होता, आणि शेजाऱ्याने खांदा दिला होता.