मुकादमबाई आणि उपाशी पेशी

प्रयोगशाळेत कुणीही पाऊल टाकलं की बाई आधी "जेवलीस का?" विचारणार, मग काय काम ते. नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांना आम्ही मुकादमबाई म्हणत असू, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्नायू कसा घडतो हे शिकवताना त्यांना द्राक्षबागेतला मुकादम हटकून आठवायचा. "प्रत्येक पेशीत डीएनएची पोथी तीच. पण मायोडी नावाचं प्रथिन मुकादमासारखं येऊन दटावतं, चला, स्नायूची पानं उघडा! मग पेशी दुसरं काही व्हायच्या भानगडीत पडत नाही." एवढं बोलून टेबलावर अशी थाप मारत की मागचे बाक खडबडून जागे होत.

एम.एस्सी.ला मी त्यांच्या हाताखाली लागले. चांदवडची मी, भाड्याच्या खोलीत राहायची; दुपारचा डबा मात्र बाईंच्या घरचा. इतके लाड माझ्या आईनेही केले नव्हते. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती, पण होकार कळवायला हात धजत नव्हता. इथलं सुख सोडून कोण जाणार?

अंड्यातल्या कोवळ्या गर्भाच्या स्नायूपेशी आम्ही बशीत वाढवत होतो. त्या एकमेकींत मिसळून लांब धागे व्हायला हव्या होत्या. त्या नुसत्याच वाढत होत्या. "खात नाहीत गं नीट," म्हणत बाई त्यांच्या खुराकातलं सीरम आणखी वाढवत.

शेवटी मी वैतागले. "बाई, कांदा पोसला की पाणी तोडावं लागतं, नायतर पात हिरवीच राहते. आपण ह्यांना लय खाऊ घालतोय!"

बाई खो खो हसत सुटल्या. "शिकवते मीच, आणि विसरतेही मीच! पोटभर मिळतंय तोवर वाढत बसतात, मुकादमाला विचारतो कोण?"

सीरम कमी केलं. काही दिवसांत पेशी ओळीत आल्या, जुळल्या, आणि एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एक धागा चक्क फुरफुरला. बाईंनी अख्ख्या मजल्याला हाका मारल्या. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना चिवडा मिळाला. मला इतका आनंद पुन्हा क्वचितच झाला असेल.

दुसऱ्या दिवशी माझा डबा आला नाही.

"बंद," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे पोट भरतंय तोवर तू इथून हलायची नाहीस."

रागाने मला रडूच आलं. संध्याकाळी कोरडा पाव चावताना हसू फुटलं, आणि मी होकार कळवून टाकला.

द्वारका चौकात मला बंगळूरच्या बसमध्ये बसवून द्यायला बाई आल्या, त्या पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी. चेहरा अगदी कडक. "रडायचं नाही, काम करायचं," एवढंच बोलल्या. गाडी हलली तशा मात्र खिडकीला धरून धावायला लागल्या.

"अगं, निघताना जेवलीस का?"