कळा आणणारी मुळी

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. बाळंतपणातल्या झाडपाल्याला पुरेसा पुरावा नाही, हे दरवर्षी इतक्या ठामपणे सांगतो की मुलं परीक्षेत माझीच वाक्यं लिहितात.

रत्नागिरीच्या बाजारात एक बाई गोणपाटावर शेपा, हळीव, शतावरी मांडून बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "कोणासाठी?" हे विचारल्याशिवाय ती पुडी बांधत नाही. कॉलेजात जाता-येता मी तिला टोकायचो, "याला आधार काय?"

"तुम्ही शोधा नि मला सांगा," ती हसून म्हणायची.

गेल्या वर्षी माझ्या मुलीची बाळंतपणाची तारीख उलटली. डॉक्टरीणबाई थांबू म्हणाल्या. मला धीर धरवेना. टोपी कपाळावर ओढून मी बाजारात गेलो आणि हळूच विचारलं, "कळा आणणारी मुळी आहे?"

"कोणासाठी?"

"ओळखीतल्या एकीसाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "लेक ना? ती मुळी मी देत नाय. एकदा एकीला दिली, तर कळा थांबेचनात. दवाखान्यात नेली म्हणून वाचली. डॉक्टरीणबाईंना मुळीचं विचारलंत?"

"नाही."

"भ्यालात होय," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

दोन दिवसांनी दवाखान्यात नात झाली. पेढे घेऊन गेलो, तेव्हा तिने शेजारच्या भाजीवालीला कौतुकाने सांगितलं, "हे सर कॉलेजात औषधं शिकवतात."

माझी मान काही वर होईना.