अंतराळातल्या ठाण्यावरचा संसार

लग्न झालं तेव्हा माझ्या नवऱ्याला आखातात परत जायला फार दिवस उरले नव्हते. तो तिथं एका मोठ्या इमारतीत एसीची कामं करायचा. मी केडगावची, तो श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा. बघायला आले तेव्हा आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो आणि लग्नानंतरचे दिवस पाहुण्यांत आणि दावतींत गेले. तो निघाला त्या सकाळी मला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की त्याला चहात साखर कमी लागते आणि तो डाव्या कुशीवर झोपतो. स्वभावाचा काही पत्ता नव्हता. त्यालाही माझा नसणार. तो गेला आणि मी बेलापूरला सासू-सासऱ्यांजवळ राहिले.

तो राहायचा तिथं इंटरनेटवरून फुकट फोन करायला बंदी होती. साधा फोन करायचा तर खोलीत बाकीची माणसं असायची. कुणी कांदा चिरतंय, कुणी झोपलंय. त्यांच्यादेखत बायकोशी काय बोलणार?

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो. अब्बा बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

मग फोनमधून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज यायचा आणि तो म्हणायचा, "चल, ठेवतो." मेसेज पाठवता यायचे, पण मेसेजमध्येही आम्ही हेच लिहायचो.

एके दिवशी त्याचा मेसेज आला : हा गेम उतरवून घे, फुकट आहे, तिथं भेटू.

एका जुन्या विज्ञानमालिकेवर बेतलेली ती दुनिया होती. ती मालिका लहानपणी केबलवर हिंदीत लागायची आणि तो शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ती पाहायचा. मी तिचं नावही ऐकलं नव्हतं. अंतराळात एक भलंमोठं ठाणं, त्याला येऊन लागणारी यानं, आसपास ग्रह. जगभरातली माणसं निरनिराळी रूपं घेऊन तिथं यायची, मोहिमांवर जायची, नाहीतर नुसतीच गप्पा मारत बसायची. आधी रूप निवडायचं होतं. माणसं होती, खवल्यांची माणसं होती, चार हातांचीही होती. मी निळ्या कातडीची, उंच, बिनकेसांची बाई निवडली, कारण तिचाच झगा पायापर्यंत होता.

तो खवल्यांचा निघाला. ठाण्याच्या दारात उभा होता. त्याच्या डोक्यावर पहिलं वाक्य उमटलं, "घाबरू नको, मीच हाय."

घरात आम्ही दखनी उर्दू बोलतो. पण शिकलो दोघंही मराठी शाळेत, आणि मराठी लिहिलं की त्याच्या शेजारच्या खाटेवरून डोकावणाऱ्याला काही कळायचं नाही. म्हणून तिथं आमची भाषा मराठीच ठरली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. मुलंही खेळायची म्हणून त्या दुनियेत शिव्यांवर पहारा होता. शिवी दिसली की तिच्या जागी फुल्या यायच्या. या पहारेकऱ्याला मराठी येत नव्हती. "मी खुशीत आहे" असं लिहिलं की अर्ध्या शब्दावर फुल्या पडायच्या, कारण त्या अक्षरांच्या पोटात इंग्रजीतली एक घाण शिवी तयार व्हायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्याला वाटलं, मी त्याला काहीतरी वाईट बोलले.

"काय लिहिलंस?"

"खुश आहे, असं लिहिलं. तुझी शपथ."

त्यानं हसण्याचं बटण दाबलं आणि तो खवल्यांचा माणूस जमिनीवर लोळायला लागला. खरा नवरा पोट धरून कसा हसतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि मी त्याला 'तू' म्हणाले होते. फोनवर मी त्याला कधी 'तू' म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तिथं मात्र ते आपोआप आलं आणि दोघांनीही त्याबद्दल काही काढलं नाही.

शुक्रवारी त्याला सुट्टी असायची. दुपारची भांडी झाली की मी गच्चीवर टाकीच्या सावलीत जाऊन बसायची, कारण रेंज तिथंच यायची. फुकट खेळणाऱ्याला ठाण्यात एक कोठडी मिळायची. आम्ही माझी ठेवली आणि त्याची वापरायची सोडली. तिच्यात एक बाक होता, भिंतीत एक दिवा होता आणि कुठल्याशा ग्रहावरून आणलेलं एक जांभळं रोप होतं, जे कधी वाढायचं नाही आणि वाळायचंही नाही.

एकदा अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, वाळत घातलेले पापड उचलायला वर आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. मी लपवलं नाही. सांगितलं, हे आमचं घर, आणि हे दारात उभे आहेत ते तुमचे चिरंजीव.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचं दखनी बोलणं मी मराठीत लिहिते आहे.

"ह्यो? असा झालाय व्हय तिकडं जाऊन?"

"सोंग आहे, अम्मी."

"बरं. चूल कुठं हाय घरात?"

"तिथं चूल नसते."

"मग त्याला काय खायला घालतीस?" असं म्हणून त्या पापड घेऊन खाली गेल्या. पुढं मात्र शुक्रवारी दुपारी त्या मला काही काम सांगत नसत. कुणी शेजारीण आली तर सांगायच्या, "सून वर हाय. नवऱ्याकडं गेलीय."

नवरा कसा आहे, हे मला त्या ठाण्यावर कळत गेलं. त्याची एक टोळी होती. कुणी फिलिपिन्सचा, कुणी ब्राझीलची, एक लखनौचा. ते मोहिमेवर जायचे तेव्हा तो यान चालवायचा. एखादा नवखा वाट चुकला की बाकीचे पुढं निघून जात, हा मात्र थांबायचा. त्याला वाट दाखवून आणायचा. चिडायचा नाही. भांडणात पडायचा नाही, पण दुसऱ्या दोघांचं भांडण झालं की मध्ये जाऊन उभा राहायचा. हेच मला बरं वाटायचं. हेच मला खटकायचंही, कारण आमच्या दोघांत काही बिनसलं की तो तसाच नुसता उभा राहायचा, बोलायचा नाही. मी श्रीरामपूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरायचं म्हटलं तेव्हा असंच झालं. मी लिहीत राहिले आणि तो खवल्यांचा माणूस माझ्यासमोर न हलता थांबला. शेवटी लिहिलं, "कर. अब्बांना मी सांगतो." आणि त्यानं सांगितलं.

तो वर्षभरानं सुट्टीवर आला, थोडे दिवस राहिला आणि परत गेला. तो गेल्यावर मला दिवस राहिल्याचं कळलं. ही बातमी त्याला फोनवर अम्मींनी दिली. मी ठाण्यावर दिली तेव्हा त्यानं सगळ्या टोळीला बोलावलं, आणि ती माणसं माझ्या कोठडीत मावेनात इतकी दाटून उभी राहून नाचली. ब्राझीलच्या बाईनं एक तरंगता कंदील दिला. त्या लोकांना मराठी येत नव्हती आणि, लखनौचा सोडला तर, मला त्यांची भाषा येत नव्हती. त्यांनी नाचायचं बटण दाबलं, मीही दाबलं.

पाचवा महिना सरत आला असताना लॅबमधून परतताना बसमध्येच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलं. मूल राहिलं नाही. मुलगी होती. अब्बांचं घराखालीच गाद्या भरायचं दुकान होतं. दुकानातलं नवं पांढरं कापड त्यांनी स्वतः फाडलं, तिला त्यात गुंडाळलं, तिचं एक नाव ठेवलं आणि दोन माणसांना सोबत घेऊन बेलापूरच्या कबरस्तानात नेलं. मी तेव्हा दवाखान्यातच होते. नंतर मला आराम पडावा म्हणून केडगावला आईकडं पाठवलं.

नवऱ्याचा फोन आला. मागं माणसांचे आवाज होते.

"बरी हायेस ना?"

"हो."

"औषधं घेतेस?"

"घेते."

मग म्हणाला, "अल्लाची मर्जी," आणि मी "हां" म्हणाले. त्याचा राग आला नाही. दुसरं तो काय बोलू शकला असता, हे मला सुचत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी केडगावच्या घरात, आईच्या पलंगावर पडून, त्या दुनियेत गेले. तो आधीच आला होता. ठाण्याच्या टोकाला एक काचेची मोठी खिडकी होती. तिच्यातून कडी असलेला एक ग्रह दिसायचा. तिथं फारसं कुणी यायचं नाही, कारण तिथं करायला काही नव्हतं. आम्ही तिथं गेलो. मी सगळं लिहिलं. बसमध्ये काय झालं, रक्त कधी दिसलं, शेजारच्या सीटवरच्या बाईनं माझा हात कसा धरून ठेवला, नर्सनं मला तिचा चेहरा बघू दिला तो कसा होता. इतकं मी आईलाही सांगितलं नव्हतं. वाक्य लांब झालं की तुटायचं, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी लिहावं लागत होतं. एक तुकडा डोक्यावरून विरून जायचा, मग दुसरा.

त्या दुनियेत हसायचं बटण होतं. नाचायचं, सलाम करायचं, टाळ्या वाजवायचंही होतं. दुःखाचं नव्हतं. तो खाली बसला. मी पण त्याच्या शेजारी बसले. कुणीतरी अनोळखी, चार हातांचं, तिथं आलं आणि आम्हाला बघून नाचायला लागलं. आम्ही उठलो नाही. थोडं नाचून ते निघून गेलं.

मग त्यानं लिहिलं, "मी बाथरूममध्ये बसून लिहितोय. बाहेर लोक दार वाजवतायत."

"मग जा."

"नाही जात. नाव काय ठेवलं अब्बांनी?"

मी लिहिलं. ते नाव मात्र फुल्यांशिवाय उमटलं.

पुढच्या वर्षी त्या कंपनीनं दुनिया बंद करायचं जाहीर केलं. फुकट खेळणारे फार आणि पैसे भरणारे थोडे, असं टोळीतले लोक म्हणत होते. त्याच सुमारास नवऱ्याचा तिथला करार संपला आणि तो बेलापूरला परत आला, यावेळी बराच काळ राहायला.

आणि घरात आम्ही पुन्हा चहा-साखरेवर आलो. तो समोर बसला की मला काय बोलावं कळायचं नाही. त्याचा चेहरा मला अनोळखी वाटायचा, खवल्यांचा जास्त ओळखीचा होता. तोही सकाळी अब्बांच्या दुकानात जायचा, संध्याकाळी नदीकडं चक्कर मारायचा. मुलीचा विषय कुणीच काढत नव्हतं. तोवर वरच्या खोलीतही रेंज यायला लागली होती. एका दुपारी आम्ही दोघं एकाच पलंगावर, पाठीला पाठ लावून, आपापल्या फोनवर त्या ठाण्यावर गेलो आणि तिथं अर्धा तास बोललो. ठाण्यावरून बाहेर पडल्यावर मला ते फार विचित्र वाटलं. मी त्याला तसं म्हटलं.

"विचित्र हायच," तो म्हणाला. "पण सवय तीच लागलीय."

दुनिया बंद व्हायची वेळ आपल्याकडं सकाळची होती. लोकांनी ठाण्यावर गर्दी केली होती. यानं एकमेकांवर आदळत होती, सगळे टाळ्या वाजवत होते, इंग्रजीत निरोप घेत होते. लखनौचा मुलगा सारखा लिहीत होता, भाई, फोन नंबर दे. नवऱ्यानं दिला, पण तिथं नंबरांवरही पहारा होता, फुल्या पडल्या. मग पडदा एका जागी थिजला आणि संपर्क होत नसल्याची सूचना आली. आम्ही पलंगावर बसलो होतो. खाली अब्बा कापूस पिंजायचं मशीन चालू करत होते, त्याचा आवाज येत होता.

नवऱ्यानं फोन उशीखाली ठेवला. थोड्या वेळानं तो उठला, खाली गेला आणि मशीन बंद झालं. मी वरून पाहिलं, बापलेक दोघं टोप्या घालून गल्लीतून चालले होते. एकापाठोपाठ एक.

आमच्याकडं बायका कबरस्तानात जात नाहीत. त्यामुळं ती जागा मी पाहिलेली नव्हती, आणि कुणाला विचारायचं धाडसही केलं नव्हतं. ते परतले तेव्हा मी ज्वारी निवडत होते. अब्बा थेट दुकानात गेले. तो माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला. त्याच्या पायांना माती लागली होती.

"बघून आलो," तो म्हणाला.

मी सूप खाली ठेवलं.

"मागच्या भिंतीला लागून हाय. अब्बांनी उशा-पायथ्याला दगड लावलेत, छोटे. बोरीचं झाड हाय वर, सावली असती."

"काटे पडत असतील," मी म्हणाले.

"पडतात. मी वेचले." त्यानं हात पुढं केला. बोटाला खरचटलं होतं. "तिच्या शेजारी अजून दोन-तीन लहान कबरी हायेत. एकटी न्हाई ती."

मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. दगड कसले आहेत, पावसात पाणी साचतं का, दारातून किती आत जावं लागतं. पहिल्यांदाच तो माझ्याकडं बघून इतका वेळ बोलत होता. मध्येच त्याला रडू आलं. ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं. त्याचा चेहरा एका बाजूला ओढला जातो आणि आवाज अजिबात येत नाही. अम्मी स्वयंपाकघरातून आल्या, आम्हाला बघून तशाच मागं फिरल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

नंतर तो पुन्हा एकदा आखातात गेला आणि कायमचा परत आला. आता आम्ही केडगावला राहतो. पुणे रोडवर त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे, आणि आम्हाला एक मुलगी आहे. दर ईदला तो आधी बेलापूरला जाऊन काटे वेचून येतो, मगच आमचं जेवण होतं.