दीपमाळेपासून हातभर

"थांब! आरं हात मागं! हात मागं घे, न्हाईतर तोडीन!"

पाटील देवळाच्या ओट्यावरून ओरडत होते. आणि मी दीपमाळेपुढं, हातभर अंतरावर, उजवा हात पुढं काढलेला, तसाच. उधळलेल्या बैलाचा कासरा एकदम ओढावा तसा. मागं वळून पाहिलं. शर्यतीतला दुसरा गडी, शेजारच्या भरे गावचा, अजून ओढ्यापलीकडं होता. इतका लांब, की मी मधल्या वेळात आंघोळ करून, भाकरी खाऊन, एक डुलकी काढून परत उभा राहिलो असतो.

उभाच राहिलो. ढोल थांबला. सगळी जत्रा माझ्या पंजाकडं बघत होती.

भऱ्याचा गडी धापा टाकत आला. माझ्या बगलेशेजारून गेला. दीपमाळेवर थाप मारली. त्याच्या गावची माणसं नाचायला लागली. त्यानं गुडघ्यांवर हात टेकून माझ्याकडं पाहिलं.

"काय रं, हात घरी इसारलास का?"

जत्रा हसली. आमच्या गावची माणसंसुद्धा हसली.

आता हे असं घडलं कसं, ते ऐका. आमचं गाव रिह्याच्या खोऱ्यातलं. जत्रेला शर्यत लागायची. डोंगराच्या सोंडेवरून सुटायचं आणि भैरोबाच्या दीपमाळेला ज्याचा हात आधी लागेल, त्याच्या डोक्याला फेटा. तो फेटा दर वर्षी भऱ्याला जायचा आणि आमचे पाटील दर वर्षी मान खाली घालून घरी जायचे.

मी महारवाड्यातला. धरणाच्या कामाची वर्षं होती ती. मुळशीच्या अंगाला साहेबांची, मामलेदारांची सारखी ये-जा. साहेबाच्या घोड्यापुढं काठी वाजवत, वाट दाखवत महारानं पळायचं, हा रिवाज. फुकट. आधी माझा बाप पळायचा. त्याच्या छातीत कळा यायला लागल्या, दोनदा वाटेतच पडला, तेव्हापासून मी. आणि असा पळायचो, की मामलेदाराचा घोडा मला गाठायच्या नादात वाळून काटकी झाला. ससे मला बघून वाट सोडायचे. माझी सावली माझ्यामागून धापा टाकत यायची, आणि संध्याकाळी घरी पोचायची ती माझं जेवण झाल्यावर.

हे पाटलांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून घेतलं.

"यंदा आपल्याकडनं तू पळ. गावाची अब्रू तुज्या पायात हाय."

माझ्या पायात! गावाची अब्रू! मी त्या दिवशी जमिनीला पाय न लावता घरी आलो.

आणि गंमत बघा. पायांनी पळायची शर्यत हातानं संपते, हे कुणालाच आठवलं नाही. पाटलांना नाही, पुजाऱ्याला नाही, मलाही नाही. सगळ्यांना माझे पाय दिसले. हात दिसला तो दीपमाळेजवळ आल्यावर. महाराचा हात. देवाच्या दगडावर.

हात लावला असता तर मेलो असतो. लावला नाही म्हणून गाव हरलं, आणि तोही दोष माझाच.

"म्हारड्या, घालवलीस अब्रू," पाटील म्हणाले. "आन पटांगणात शिरलास त्ये येगळंच. जितं जितं पाय पडलं, तितली माती खरवडून काड."

खरवडली. पुढं जत्रा खेळणी घेत होती, गूळ-शेंगदाणे खात होती, आणि मी गुडघ्यांवर बसून माझीच पावलं शोधत होतो. एकेक पाऊल लांब लांब पडलेलं. पळताना किती झेपा घेतल्या होत्या, ते तेव्हा कळलं. माझी जिंकलेली शर्यत मी टोपलीत भरली आणि गावाबाहेर नेऊन टाकली.

त्यानंतर वर्षभर मी भ्यालेला होतो. पाटलांच्या बैलगाडीची चाकं वाजली की मी काट्याकुट्यात शिरायचो. झोपेत उजवा हात पोटाखाली दाबून धरायचो, कुणी तोडून नेऊ नये म्हणून. घोडा मला कधी गाठू शकला नाही. भीतीला मी कधी मागं टाकू शकलो नाही.

अजून नाही. पुढं मी मास्तर झालो, ओढ्याकाठी शाळा काढली. शाळेच्या अंगणात एक लाकडी खांब रोवला. पोरांची शर्यत त्या खांबाशी संपायची, आणि पहिला आलेला असो, शेवटचा असो, लंगडत आलेला असो, प्रत्येकानं खांबाला तळहात लावायचाच. तो खांब एवढा गुळगुळीत झाला, की त्यात तोंड बघून मी दाढी करायचो. पुढं लोकांनी विधानसभेत पाठवलं. पेपरवाले लिहितात, मी वाघासारखा बोलतो. वाघ कसला! उठून उभा राहिलो की आधी आधार शोधतो. समोरचा बाक मी उजव्या हातानं गच्च धरतो. वाटतं, आता वरून कुणीतरी ओरडणार, हात मागं. ओरडू दे. हात मागं घ्यायचा नाही, एवढं ठरलेलं आहे.

ते ठरलं कधी, ते सांगतो. पुढच्या जत्रेआधी.

पाटलांनी पुन्हा बोलावलं. चावडीवर गावची मोठी माणसं बसलेली. मी पायरीखाली, उन्हात. पाटील भलतेच तापलेले होते. त्यांच्या सोयऱ्यांची भातखाचरं धरणाखाली चालली होती.

"बिनइचारता घेत्यात!" ते मांडीवर थापा मारत होते. "आमी मानसं हाय का जनावरं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. चेहरा एकदम हसरा.

"यंदा तोड काडलीया. दीपमाळेजवळ आलास की लांबनंच खडा मारायचा. खडा लागला की जितलास. भऱ्यावालं बी कबूल हायेत. हाय का न्हाई झ्याक?"

"लई डोकं हाय पाटलांचं," शेजारचा म्हातारा म्हणाला.

खडा. खड्याला विटाळ नाही. खडा देवाला चालतो. माझ्या हातातून सुटलेला दगड माझ्या हातापेक्षा सोवळा.

मी वाढवून सांगतो, ही माझी खोड तुम्हांला एव्हाना कळलीच असेल. पण हे वाढवलेलं नाही. माझं धोतर ओलं झालं. भर उन्हात, भर चावडीपुढं. जोहार घालायचाही राहून गेला. तसाच उभा राहून म्हणालो,

"न्हाई."

"काय न्हाई?"

"खडा न्हाई मारायचा. पाय पायजेत तर हात बी घ्यावा लागंल. न्हाईतर पाय बी न्हाईत. जत्रंत न्हाईत, घोड्याफुडं बी न्हाईत."

"बापाला इचारलंस का?"

"माजं पाय कुनी इचारून घेतलं हुतं?"

वाटलं, आता काठी पडणार. पडली असती तर बरं झालं असतं. पाटील ओरडले नाहीत. सावकाश पान जुळवलं, चुना लावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"बरं. मंग उद्या मामलेदाराच्या घोड्याफुडं तुजा बाप पळंल."

मी पळालो. तसा मी आयुष्यात परत पळालो नाही. ओढा कधी आला, कधी गेला, कळलं नाही. कानात घोड्याच्या टापा आणि डोळ्यांपुढं बाप, वाटेवर पालथा पडलेला. मी काय करून बसलो? एका हातासाठी बाप घालवला? परत जावं, पायरीवर डोकं ठेवावं, मारतो म्हणावं खडा. दोनदा मागं वळलो. दोनदा परत घराकडं आलो.

बाप दारात बसला होता. माझी उद्याच्या वाटेची काठी मांडीवर. तिचे घुंगरू तो फडक्यानं पुसत होता.

"बा," मी म्हणालो, "म्या न्हाई म्हनालो. मी न्हाई पळनार. पाटील म्हनत्यात, उद्या तुला पळवनार."

त्यानं माझ्या ओल्या धोतराकडं पाहिलं. मग काठीकडं. घुंगरू एकदा हलवून बघितले. काठी भिंतीला लावून ठेवली.

"पानी पी," तो म्हणाला. "मी बी न्हाई जायाचा."