वडील हयात असताना

माझा मुलगा दूरचित्रवाणीच्या एका मालिकेत गुप्तहेराचे काम करतो. सायंसंध्या आटोपली की मी ती मालिका पाहतो, आणि पाहतो हे त्याला कळू नये अशी व्यवस्था ठेवतो. पवनीतल्या घरात मी एकटाच असतो, त्यामुळे ते अवघड नाही. शेजारचे एक धानाचे व्यापारी त्या वेळी येऊन बसतात. कोणी विचारलेच, तर टीव्ही त्यांच्यासाठी लावला असे सांगता येते.

आम्हां पितापुत्रांत भांडण असे कधी झाले नाही. झाले असते तर मिटवता तरी आले असते. मी संस्कृत पाठशाळेत शिकवीत असे. घराण्याची याज्ञिकी त्याने पुढे चालवावी म्हणून मुंजीपासून मी त्याला स्वतः शिकवले. स्वर शुद्ध होता, स्मरण उत्तम होते. पुढे तो झाडीपट्टीच्या नाटकांत रमला. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत करडी, लाखांदूर असे गावोगाव प्रयोग करून तो पहाटे परते आणि मी न बोलता पूजेला बसे. एका वर्षी मंडई संपली तरी तो परतला नाही. मुंबईस गेल्याचे मागाहून कळले. तेव्हापासून आमचे बोलणे माझ्या मुलीमार्फत चालते. ती लाखांदूरला दिली आहे. तिच्याकडून माझी प्रकृती त्याला कळते आणि त्याची मला.

मालिकेतल्या गुप्तहेरालाही वडील आहेत. ते संस्कृतचे शिक्षक असून मुलाशी त्यांचे फारसे पटत नाही. बाहेरून आलेल्या मुलाचा नमस्कार त्याने स्नान केल्यावाचून ते घेत नाहीत. जेवताना मौन पाळतात, आणि मीठ हवे असले की ताटात मिठाच्या जागी बोट टेकवतात. मुंबईच्या कोणत्या लेखकाला हे सुचेल? ते बोट माझे होते. आमच्या स्वयंपाकघरातून ते तिथवर गेले हे उघड होते. कशासाठी गेले, हे कळत नव्हते. चेष्टेसाठी की आठवणीने? त्यानंतर मी प्रत्येक भाग एखादी साक्ष तपासावी तसा पाहू लागलो.

भाद्रपदात, पितृपक्ष तोंडावर आला असता, मालिकेतले ते वडील वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी ओट्यावर येऊन बसले.

"पंडितजी, काल पोट्ट्यानं तुमाले मारून टाकलं ना जी."

मी म्हणालो, ते नाटक आहे.

"नाटकच आहे. पन मानूस तुमच्यावानीच घेतला त्यानं. मले तर जेवन गेलं नाही." मग माझा चेहरा पाहून त्यांनी सावरून घेतले. "एक बरं झालं. खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते म्हनतेत."

मला हसू आले नाही. मुलाने मला मनातून वजा केले आहे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या आन्हिकात शिरला. जप करताना बोटे मणी ओढीत आणि मन त्याची पडद्यावरची कोरडी मुद्रा पाही.

त्याच आठवड्यात मुलीने कळवले की दादा अविधवा नवमीला येतो आहे. माझी पत्नी सौभाग्यवती गेली, त्यामुळे तिचे श्राद्ध त्या तिथीला होते. मागची काही वर्षे तो नुसता निरोप पाठवी. वडिलांना पडद्यावर मारल्यावर लगेच आईचे श्राद्ध का आठवावे, हे मला उमगेना.

तो आला. विहिरीवर स्नान करून मगच त्याने नमस्कार केला. गल्लीतले लोक त्याला पाहायला जमले. कोणी आपला मोटारपंप चोरीस गेल्याची तक्रार सांगितली, आणि त्याने ती गंभीरपणे ऐकून घेतली. मी मात्र एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. पितृकार्यात जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतात. ज्याचे वडील हयात आहेत त्याने ते खांद्यापर्यंत न नेता केवळ हातावर, कोपराच्या अलीकडे ठेवावे, असा आमच्या घराण्याचा आचार आहे. जाणता पाहुणा त्या जानव्यावरून यजमानाचे वडील आहेत की नाहीत हे ओळखतो. पुरोहितांनी सूचना केली. मुलाने जानवे उचलले. ते कोपराच्या अलीकडे थांबले.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी देवघराकडे तोंड फिरवले आणि पत्नीला मनोमन नमस्कार केला.

हे समाधान जेवणापर्यंत टिकले. पानावरून उठल्यावर तो माझ्या आसनाजवळ येऊन बसला. पुढच्या आठवड्यात त्या मयत वडिलांच्या दशक्रियेचे चित्रीकरण आहे, तिथे जो माहितगार नेमला आहे तो वाटेल ते म्हणवून घेतो, म्हणून विधी माझ्याकडून नीट समजून घ्यावा असे त्याच्या मनात होते.

"म्हणून आलास?" मी विचारले.

"आईसाठी आलो, बाबा. आणि ह्यासाठीही."

"आधी काय ठरलं?"

"तुम्ही माझ्यापेक्षा बरा तपास करता."

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून उलटतपासणी घेऊन राहिले बाबा, सांगून द्या ना." बोलण्यात ती लाखांदूरची होऊन गेली आहे.

सकाळचे ते जानवे मला आता वेगळे दिसू लागले. ज्याचा धंदाच खोटे खरे भासवण्याचा, त्याने काम काढून घेण्याआधी बापासमोर आचार पाळून दाखवला नसेल कशावरून? पण नाही म्हणावे, तर शास्त्र अशुद्ध दाखवले जाणार, आणि तेही माझ्या मुलाच्या तोंडून.

अंत्येष्टीचा भाग घरात म्हणत नाहीत. आम्ही वैनगंगेच्या घाटावर गेलो. ऊन उतरले होते, पाणी गढूळ होते. मी पूर्वाभिमुख बसलो, तो समोर. संथेची रीत अशी की गुरूने एकदा म्हणावे आणि शिष्याने तसेच दोनदा म्हणावे, आपल्याकडचे काही मिसळू नये. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज माझ्या आवाजामागून आला आणि स्वर जिथल्या तिथे पडले.

मग संकल्प आला. त्यात मृताचे गोत्र आणि नाव उच्चारावे लागते. त्यावाचून दिलेले पाणी कोणालाच पोचत नाही. नाव मालिकेतले घालता येईल. पण त्याच्या मुखातून सहज येणारे गोत्र आमचेच असणार, आणि त्या गोत्रात त्याचा बाप म्हणून मी अजून बसलेलो आहे. मी गोत्र आणि नाव दोन्ही गाळली आणि पुढचे शब्द म्हटले.

तो थांबला. मुंजीनंतरच्या पहिल्याच वर्षी त्याला तो संकल्प पाठ होता. माझ्याकडे त्याने असे पाहिले, जसे तो पडद्यावर साक्षीदाराकडे पाहतो. त्याला गाळलेले कळले, की मधल्या काळात तो विसरला आणि नुसता आठवीत होता, हे मला ओळखता आले नाही. आजही येत नाही.

नंतर त्याने मी म्हटले तसेच, ती जागा मोकळी ठेवून, दोनदा म्हटले. मी पुढचे पद सांगितले.