भरल्या गाडीची परीक्षा

जुनी गाडी घ्यायची तर आधी गयासचाचांना दाखवायची, असं शहरातल्या रोशन गेटपासून बाहेरच्या बिडकीनपर्यंत कितीतरी घरांत ठरून गेलेलं होतं. चाचांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तसं ते दुसऱ्याला देऊन टाकलं, पण हात आणि कान शाबूत होते. गाडी तपासायचे ते काही घेत नसत. नाश्ता चालायचा, आणि चहा दोनदा चालायचा.

अटी मात्र कडक. सकाळी सातला जायचं आणि मालकाने गाडी आधी सुरू केलेली नको. दारात पोचल्यावर कुणाला सलाम-नमस्कार करायच्या आधी चाचा बॉनेटवर तळहात ठेवत. गरम लागलं की तिथूनच माघारी. "थंड इंजिन जे असंल ते सांगून टाकतं. तापलं की मग लई गोड बोलतं," असं त्यांचं म्हणणं.

दुसरी अट गाडी भरून न्यायची. घरातली सगळी माणसं बसवायची आणि दौलताबादचा घाट चढवून आणायची. पाच माणसांच्या वजनानं चढावर गाडीचे खरे गुण बाहेर पडतात, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण या अटीमागचं दुसरं कारण चाचांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको जाहेदाबी जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा जिब्रान रियाधला. शुक्रवारी मोबाईलवर दिसायचा, तोही कपाळापासून नाकापर्यंत. भरल्या गाडीत पुढच्या सीटवर बसलं की मागं बांगड्या वाजायच्या, कुणी पाण्याची बाटली मागायचं, कुणी खिडकी खाली कर म्हणून भांडायचं. तेवढा दीड तास चाचा एका घरात असायचे. हे असलं कारण सांगायचं तरी कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

बिडकीनचा इंद्रजीत त्यांच्याकडे आला तो भाद्रपदात. तिथल्याच एका कंपनीत नोकरीला होता. बायको सायली सहा महिन्यांची गरोदर, चार वर्षांची राजनंदिनी, आणि आई सरूबाई. "चाचा, घरात नुसती मोटारसायकल हाय. सायलीचे दिवस भरायच्या आत एक बरी सेडान बघून द्या. अर्ध्या वाटंत बंद पडणारी नको," तो म्हणाला. चाचांनी मान डोलावली आणि पुढचा रविवार दिला.

पहिली गाडी गारखेड्यात होती. मीटर सांगत होतं पंचेचाळीस हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं. मालक सज्जनासारखा हसत होता. पेडलवरच गाडी नापास झाली होती, तरी चाचा म्हणाले, "आलोच हावोत तर घाट बघू." मालकाकडे आधार कार्ड ठेवून सगळे निघाले. सरूबाईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. घाटमाथ्यावर गाडी थांबवून सगळ्यांनी खाल्लं. राजनंदिनीनं विचारलं, "चाचा, गाडी आजारी हाय का?" चाचा म्हणाले, "हाय, अन् मालकाला ठाऊक हाय." परत आल्यावर त्यांनी बॉनेट असं आदळलं की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या रविवारच्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा फेस निघाला. इंजिनात पाणी शिरलेलं. तीही नापास, तरी तीही घाटावर. सरूबाईंनी या खेपेला धपाटे वाढवून आणले, कारण "चाचांना आवडत्यात." हे वाक्य चाचा आठवडाभर मनातल्या मनात घोळवत होते. शनिवारी त्यांनी दाढीही नीट कातरून घेतली.

तिसरी गाडी चिकलठाण्याला, एका डॉक्टरांच्या दारात. अकरा वर्षांची, चंदेरी. बॉनेट थंडगार. ऑइल स्वच्छ. डिकीतली चटई उचलून पाहिली, गंज नाही. दारांची रबरं ओढून आतले जोड पाहिले, सगळे कंपनीचे, म्हणजे गाडी कुठं ठोकलेली नाही. सुरू केल्यावर धूर नाही. घाटावर पाच माणसं घेऊन ती एका लयीत चढली. चाचांनी वाकून वाकून ऐकलं. ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

खाली आल्यावर इंद्रजीतनं विचारलं, "काय मग चाचा, घ्यायची?"

घ्या म्हटलं की झालं. ही माणसं गाडीत बसून बिडकीनला जातील आणि पुढच्या रविवारी सकाळी सातला आपण कुणाच्याच दारात नसू. चाचांना हे एवढं स्वच्छ दिसलं की त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले, "गिअरबॉक्समधी आवाज हाय. तुम्हाला नाय यायचा ऐकायला. मला येतो."

"बरं झालं तुम्ही होता," इंद्रजीत म्हणाला. चाचांनी बॉनेट हळूच लावलं, वरची धूळ रुमालानं पुसली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या आतही, पुढचा रविवार उरलाय म्हणून बरं वाटत होतं. माणूस किती लबाड असतो ते असं आतून कळतं.

चौथ्या रविवारी सिडकोत गेले तेव्हा सायली आली नव्हती.

गाडी बद्रीनाथ नावाच्या निवृत्त शिक्षकांची होती. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून विकत होते. बॉनेट थंड. चाचा एकेक गोष्ट बघत गेले, पण लक्ष मागच्या सीटवरच्या मोकळ्या जागेकडे. निघाल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई कुठंय?"

इंद्रजीत स्टिअरिंगवरून नजर न काढता सांगू लागला. बुधवारी दुपारी सायलीच्या पोटात दुखायला लागलं. तो कामावर. आईनं तासभर रिक्षा शोधली. मिळाली ती खड्ड्या-खड्ड्यातून शहरापर्यंत आली. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. "आता बरी हाय. पण निजून राहायला सांगितलंय. गाडी असती तर आईनं शेजारच्या पोराला चालवायला घेऊन पटदिशी आणलं असतं. नशीब आपलं."

चिकलठाण्याची चंदेरी गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. नशीब कुठलं? मी, मी केलं हे. घाट सुरू झाला, गाडी चढू लागली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच चाचांना इंजिन ऐकू येईना.

माथ्यावर इंद्रजीत राजनंदिनीला घेऊन पेरू आणायला गेला. सरूबाई डबा उघडत होत्या. चाचा पुढच्या सीटवरून मागं वळले नाहीत. समोरच्या काचेकडे बघतच म्हणाले, "भाभी, ती डॉक्टरची गाडी चांगली व्हती. काय आवाज नव्हता तिला."

डब्याचं झाकण थांबलं.

"ठाव हाय मला," सरूबाई म्हणाल्या. "गाडी वंगाळ निघाली की तुम्ही बॉनेट आदळता. त्या दिवशी पोराला निजवावं तसं लावलं. अन् वर पुसलं बी."

"मंग बोलला का नाय?"

"मला वाटलं, चाचांना अजून चांगली बघायची असंल." त्यांनी डबा मांडीवर घेतला. "सायली रिक्षात वरडत व्हती, तवा मला त्या गाडीची लई याद आली. तुमचा राग बी आला."

चाचांनी मान खाली घातली.

"माझ्या घरात दिवसभर रेडिओ चालू असतो," सरूबाई पुन्हा बोलल्या. "इंद्रजीतचे बाबा गेले तवापासून. पोरगा म्हणतो, ऐकत तर नाय, मंग कशाला लावती? त्याला काय सांगावं?" त्यांनी एक धपाटा कागदावर ठेवून पुढं सरकवला. "इंद्रजीतला ह्यातलं काय बोलू नका. तुमच्यावर लई भरवसा हाय त्याचा. ह्या गाडीचं तेवढं खरं सांगा."

चाचांनी धपाटा खाल्ला. चव लागली नाही, तरी सगळा खाल्ला.

उतरताना त्यांनी खिडकी खाली केली आणि जिवाचा कान करून ऐकलं. सिडकोत परतल्यावर पुन्हा बॉनेट उघडलं, इंजिनाचा पट्टा बघितला, चाकांमागं हात घालून बघितलं. "पट्टा तेवढा बदलून घे," ते इंद्रजीतला म्हणाले. "बाकी डोळे मिटून घ्यायची. आजच घे. सूनबाईला ह्याच गाडीत दवाखान्यात न्यायचं." आणि त्यांनी बॉनेट हळूच लावलं. सरूबाई बघत होत्या.

"चाचा, तुमचे चार रविवार खाल्ले आम्ही," इंद्रजीत त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला. "आता आराम करा."

पुढच्या रविवारी चाचा साडेपाचला उठले. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले. मग खुर्चीत बसले. आठ वाजले, नऊ वाजले. शेवटी त्यांनी फोन लावला.

"इंद्रजीत, म्हटलं तो पट्टा बदलल्यावर एकदा ऐकून घ्यावी गाडी. येऊ का?"

"अहो चाचा, कशाला तरास? एक नंबर चालतीये. तुम्ही पास केलेल्या गाडीला काय होतंय!"

"व्हय," चाचा म्हणाले. "तिला काय होतंय."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला, राजनंदिनीचं काहीतरी हट्टाचं रडणं आलं, रेडिओही लागलेला होता. सरूबाईंचा आवाज लांबून आला, "कोन, चाचा हायेत का? नाष्टा केला का इचार."

"आई विचारती, नाष्टा केला का?"

चाचांनी ओट्याकडे पाहिलं. कालचं पातेलं तसंच पालथं होतं, गॅस अजून पेटवलेला नव्हता. नाही म्हटलं तर ती बाई जेवायलाच बोलावणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण चिकलठाण्याच्या गाडीनंतर ते मागून घ्यायला मन धजेना.

"केला म्हणावं," चाचा म्हणाले. "पोटभर केला." मग फोन ठेवून, वाकून, त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या.