भाऊजींची कात्री

आमच्या धाकट्या दिरांइतका कापाकापीत तरबेज आणि जोडाजोडीत कच्चा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात दुसरा सापडायचा नाही. हे मी पाठीमागून बोलत नाहीये हं, त्यांच्या तोंडावर सांगत आलेय आणि त्यांनी ते नेहमी कौतुक म्हणूनच घेतलंय. संक्रांतीला गच्चीवर पतंग कापणार ते, कोशिंबिरीची काकडी कापणार ते, आणि समोरचा बोलत असला की त्याचं बोलणं मधोमध कापणार तेही तेच. शर्टाचं बटण तुटलं तर मात्र सुईदोरा घेऊन आमच्या जाऊबाईंच्या पुढ्यात जाऊन उभे. तुटलं ते जोडणं हे बायकांचं काम, असं नव्हे. आपल्याकडून ते व्हायचंच नाही याची त्यांना खात्री.

भाऊजींचा जन्म मध्य भारत नावाच्या राज्यातला. म्हणजे रियासत विलीन झाली होती आणि मध्य प्रदेश अजून व्हायचा होता, त्या अधल्यामधल्या काळातला. "वहिनी, मी एका राज्यात जन्मलो, दुसऱ्या राज्यात शाळेत गेलो, आणि जागेवरून इंचभर हललो नाही," हे वाक्य ते नव्या पाहुण्याला चहाआधी ऐकवतात. ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला गेली याचा राग त्यांनी भोपाळच्या मामेभावावर काढला. तो बिचारा तेव्हा रांगत होता, पण भाऊजी अजूनही त्याच्या घरी जाऊन म्हणतात, "तुम्ही लोकांनी नेली." पुढे नोकरीही सरकारी कचेरीत. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा भिंतीवर जुनाच नकाशा होता आणि नवा वरून यायचा होता. साहेब म्हणाले, काहीतरी करा. भाऊजींनी स्टुलावर चढून कात्रीनं छत्तीसगड कापून काढलं. घाईत अमरकंटकही त्याच्याबरोबर गेलं. दुसऱ्या दिवशी ते परत आणून डिंकानं चिकटवलं, आणि त्यांच्या कचेरीपुरता नर्मदेचा उगम बरेच महिने डिंकावर टिकून होता. उन्हाळ्यात खाली पडायचा, शिपाई उचलून लावायचा.

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या नातीचं, मनवाचं लग्न ठरलं आणि तिनं एकच हट्ट धरला. आमचे हे जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं ह्यांनीच म्हटलेली. स्वतः रचायचे, दोन्ही घरांतली नावं त्यात बसवायचे, आणि बसली नाहीत तर कोंबायचे. सूर नव्हता, पण दम होता. 'सावधान' मधला 'सा' धरला की गुरुजी घड्याळाकडे बघायचे आणि अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी असलेली नवरा-नवरी खालून एकमेकांचे पाय पाठ करायची. तर मनवा म्हणाली, माझ्या लग्नात आजोबांचीच मंगलाष्टकं हवीत. घरात इतक्या लग्नांच्या डीव्हीडी पडल्यात, त्यातून आजोबांचा आवाज जोडून एक छोटी फिल्म बनवा आणि मुहूर्ताला लावा. तिला नोकरीतून सवड नव्हती. भाऊजी ताबडतोब म्हणाले, "मी करतो. कापाकापीचा अनुभव मला सरकारनं दिलाय." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्हां दोघींच्या डोळ्यांपुढून अमरकंटक गेलं.

मग सॉफ्टवेअरची निवड सुरू झाली. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा भाऊजींनी इतकी चिकित्सा केली नव्हती. अट एकच, नवख्या माणसाला झेपेल असं हवं. नई सडकेवरच्या दुकानदारानं एक दिलं. ते उघडल्यावर विमान चालवायला बसल्यासारखी बटणंच बटणं, म्हणून नापास. दुसरं फुकटचं. ते चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापायचं, त्यामुळे आमच्या पुतणीच्या कपाळावर कुंकवाच्या जागी कंपनी बसली. तिसऱ्याला नटण्याची फार हौस. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना त्यानं माझ्या व्याह्यांना बदामाच्या आकारात घातलं आणि गरगर फिरवून नाहीसं केलं. भाऊजींना ते इतकं आवडलं की त्यांनी व्याह्यांना पुन्हा पुन्हा नाहीसं केलं, पण शेवटी तेही नापास. चौथ्यात कात्रीचं चित्र चांगलं मोठं होतं आणि काहीही पुसायच्या आधी ते विचारायचं, नक्की पुसू का? भाऊजी खूश. "हे घरंदाज आहे वहिनी, विचारून पुसतं. आपल्या कचेरीत असं कोणी विचारलं असतं तर अमरकंटक वाचलं असतं."

सॉफ्टवेअर मिळालं, पण आवाज मिळेना. ग्वाल्हेरात राहून मराठी लग्न केलं की काय होतं, ते इथल्यांनाच ठाऊक. आमच्याकडचा व्हिडिओवाला वर्षानुवर्षं एकच, भाऊजींनीच ठरवलेला. त्याच्या हिशेबी लग्न म्हणजे रात्री वरात, स्टेजवर वरमाला आणि मग फेरे. भर दुपारी दोन माणसं पंचा धरून उभी आहेत, मागे कोणी लांबलचक गातंय, हे त्याला लग्नाआधीचं काहीतरी वाटायचं. "आंटी, असली शादी शुरू हो तो बुला लेना," म्हणून तो निघून जायचा, आणि येईपर्यंत अक्षता पडून हार घालून झालेले असायचे. मग तो सगळ्यांना पुन्हा उभं करून अक्षता पुन्हा टाकायला लावायचा आणि घरी जाऊन त्यावर सिनेमाचं गाणं चढवायचा. भाऊजींनी एकेक डीव्हीडी लावली. प्रत्येकीत अक्षता पडताहेत, ह्यांचं तोंड मिटलेलं, आणि वर कुठल्यातरी बाई डोलीत बसून रडताहेत. एवढ्या सगळ्या लग्नांत ह्यांचा आवाज म्हणून नाही. भाऊजींनी व्हिडिओवाल्याला हिंदीत आणि मराठीत दोन्ही भाषांतून शिव्या घातल्या.

आणि मग एके दिवशी त्यांचा फोन आला, व्हिडिओवाल्याकडच्या जुन्या कच्च्या शूटिंगमध्ये एक क्लिप सापडली. मनवा आनंदली. पण त्यानंतर भाऊजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. क्लिप कोणाला दाखवेनात, आणि घरंदाज सॉफ्टवेअर सोडून पुन्हा पाचवं, सहावं शोधायला लागले. लग्न तोंडावर आलेलं. मनवा वैतागली. "धाकटे आजोबा, एक क्लिप तो काटनी आहे फक्त, इसमें इतना क्या सोचताय?" ते म्हणाले, त्यांना एका आवाजातून दुसरा आवाज काढून टाकणारं सॉफ्टवेअर हवंय. ती म्हणाली, "वो बिगिनरवालं नाही आजोबा, त्याला स्टुडिओ लागतो." भाऊजी गप्प झाले. ते गप्प झाले म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मला कळतं, म्हणून मी दर्पण कॉलनीतून रिक्षा केली आणि डब्यात करंज्या घेऊन हरिशंकरपुरमला त्यांच्या घरी पोचले.

कॉम्प्युटरपुढे बसले होते. करंज्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, बसा, आणि क्लिप लावली. पडद्यावर माणूस नाही की मांडव नाही. नुसती कढई. तेलात कचोऱ्या फुगताहेत, हलवाई झाऱ्यानं त्या उलटतोय. आणि मागून, लांबून, पंख्याच्या घरघरीतून, आमचे हे. कुणाचं तरी आडनाव कोंबताहेत. मी पदर सावरून बसले. अख्खं कडवं स्वच्छ ऐकू आलं. मग ह्यांनी 'शुभमंगल' म्हणून 'सावधान'चा 'सा' धरला, आणि त्याच वेळी माइकच्या अगदी जवळून एक ओळखीचा आवाज म्हणाला, "अरे कैमरा बंद कर यार, बडे भैया का गाना लंबा चलेगा. पहले गरम कचौरी खा ले." आणि हे 'साव' पर्यंत पोचतात तोच क्लिप संपली. व्हिडिओवाल्यानं बिचाऱ्यानं सांगितलं तसं केलं होतं.

मला आधी हसूच आलं. ते मात्र हसले नाहीत.

"दर लग्नात मीच न्यायचो त्याला कढईकडे, वहिनी. म्हटलं, दादा काय, गातोच आहे. पुढच्या लग्नातही गाईल."

नंतर कात्रीच्या चित्रावर उगाच बोट ठेवत म्हणाले, माझं बोलणं कापायला गेलं की दादाही कापला जातो. ह्याला मी कितीदा कापायला सांगितलं, दर वेळी विचारतं, नक्की पुसू का? आणि मी नाही म्हणतो.

मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, "मग नका कापू. ते बोलताहेत आणि तुम्ही मध्ये तोंड घातलं नाही, असं कधी झालंय या घरात? काढून टाकलंत तर कोणाला खरं वाटणार नाही." त्यावर त्यांनी एक करंजी घेतली. सारण कमी आहे म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या दिवशी मांडवात पडदा लावला. अंतरपाट धरला गेला. नवा व्हिडिओवाला तरुण होता, त्यानं गुरुजींकडे एकदा बघितलं, मंडपाच्या टोकाच्या कढईकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "अंकल, फेरे कब हैं?" भाऊजींनी त्याचा दंड धरून त्याला मनवाच्या समोर उभा केला. "यहीं खडा रह. शादी यही है." मग पडद्यावर कचोऱ्या फुगायला लागल्या. मुलाकडची मंडळी इंदूरची, त्यांना वाटलं केटररची जाहिरात आहे. मग ह्यांचा आवाज आला आणि आमच्याकडची सगळी माणसं पडद्याकडे वळली. मनवानं अंतरपाटाआड डोळे मिटून घेतलेले मला दिसले. भाऊजींचं ते कचोरीचं वाक्य आल्यावर मांडव हसला, तीही हसली, आणि 'साव' वर पडदा काळा झाला.

गुरुजींनी अक्षतांसाठी हात वर केला होता, तो तसाच राहिला. कोणाला कळेना, आता काय. तेवढ्यात भाऊजींनी डोळे मिटून 'धा' धरला. जन्मात कधी गायले नव्हते. ह्यांच्यासारखाच ताणला, ह्यांच्यासारखाच दम संपेपर्यंत, आणि मग कुठे 'न' वर येऊन टेकले. अक्षता पडल्या.

मनवाच्या लग्नाचं शूटिंग आता पेन ड्राइव्हवर आलंय, मी कधी दुपारची लावून बघते. त्यात एका जागी ह्यांचं 'साव' आहे आणि पुढे भाऊजींचं 'धान'. भाऊजी फोनवर विचारतात, "वहिनी, सांधा ऐकू येतो का हो?" मी म्हणते, नाही. खोटं बोलत नाही मी. दोघंही सारखेच बेसूर, कुठे एक थांबला आणि कुठे दुसरा लागला, ते मला अजून कळलेलं नाही.